अळीच्या अंगात वाढणारी माशी

रेशीमशेती करणाऱ्या कोणाजवळही उझी माशीचा विषय काढा, त्याच्या कपाळावर आठी पडल्याशिवाय राहणार नाही. घरातल्या माशीहून थोडी मोठी, राखाडी, पाठीवर काळसर पट्टे आणि अंगावर राठ केस असलेली ही माशी तुतीचा पाला खाणाऱ्या रेशीमअळीच्या कातडीवर पांढुरके अंडे चिकटवते आणि उडून जाते. दोन-तीन दिवसांत अंड्यातून निघालेले पिल्लू कातडी भेदून आत शिरते आणि शिरल्या जागी काळा डाग उमटतो. अळी कोवळी असेल तर कोष करण्याआधीच मरते. मोठेपणी लागण झालेली अळी कोष विणते खरी, पण माशीचे पिल्लू तो कोष भोकसून बाहेर पडते, आणि भोक पडलेल्या कोषातून सलग धागा निघत नाही. १९८० मध्ये ही माशी पश्चिम बंगालमधून आलेल्या कोषांबरोबर कर्नाटकात पोहोचली आणि देशातल्या सर्वांत मोठ्या रेशीमपट्ट्यात तिने मोठे नुकसान केले. तेव्हापासून संगोपनगृहाच्या दारा-खिडक्यांना बारीक जाळी लावणे हा नियमच होऊन बसला. विदर्भात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवणाऱ्यांनाही याच कुळातली दुसरी एक माशी छळते.

एवढे ऐकल्यावर या माशांचा नायनाट व्हावा असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्या टॅकिनिड कुळातली ही उझी माशी आहे, त्या कुळाचे काम एकट्या रेशीमअळीवरून जोखणे अन्यायाचे होईल. या कुळातल्या साडेआठ हजारांहून अधिक जातींना आजवर नावे मिळाली आहेत आणि त्यांतली प्रत्येक जात आपले बालपण दुसऱ्या एखाद्या कीटकाच्या, क्वचित गोम किंवा विंचवासारख्या प्राण्याच्या अंगात काढते. सर्वांत जास्त संख्येने बळी पडतात त्या पतंग-फुलपाखरांच्या अळ्या, म्हणजे तूर, हरभरा, मका, ज्वारी, ऊस फस्त करणाऱ्या अळ्यांचीच भावंडे. अशी माशी उपद्रवी ठरते की उपकारक, हे तिच्या स्वभावावर ठरत नाही, असे माझे म्हणणे आहे. ती कोणत्या प्रदेशात, कोणत्या अळीबरोबर आणि किती जुन्या सहवासात राहते, यावर ते ठरते. आपल्या घरी ती हिरवाईची राखणदार असते. माणसाने तिला भलतीकडे नेऊन सोडले किंवा तिच्यापुढे हजारो निराधार अळ्या दाटीवाटीने मांडून ठेवल्या, की तीच माशी संकट होते.

आधी तिचे काम जवळून पाहायला हवे. अळीच्या अंगात शिरलेल्या पिल्लापुढे पहिला प्रश्न जेवणाचा नसतो, श्वासाचा असतो. अळीच्या शरीरात सगळीकडे रक्तासारखा द्रव भरलेला असतो आणि त्यात हवा फारशी नसते. त्यातच अळीचे शरीर या घुसखोराला ओळखते, तिच्या रक्तातल्या पेशी त्याच्याभोवती जमतात, एकमेकींना चिकटून त्याचे आवरण तयार करू लागतात. परक्या वस्तूला असे कोंडून गुदमरवून मारणे, ही कीटकांची प्रतिकाराची जुनी रीत आहे. टॅकिनिडचे पिल्लू याच आवरणाचा उपयोग करून घेते. आपले मागचे टोक ते अळीच्या कातडीतल्या भोकाशी किंवा तिच्या एखाद्या श्वासनलिकेशी भिडवून ठेवते, आणि भोवती जमणाऱ्या पेशींचे आवरण कडक होत होत त्याच्यासाठी नरसाळ्याच्या आकाराची श्वासनळी बनते. अळीने मारण्यासाठी उभारलेल्या भिंतीतून पिल्लू बाहेरची हवा घेते. मग ते खायला सुरुवात करते. आधी रक्तद्रव आणि चरबी, म्हणजे ज्याच्यावाचून अळी लगेच मरणार नाही असे भाग. जीवनावश्यक इंद्रियांना सहसा अगदी शेवटी तोंड लावते. अळी तोवर चालते, खाते, वाढते. पूर्ण वाढलेले पिल्लू बहुधा बाहेर पडून मातीत शिरते, त्याची कातडीच टणक होऊन तपकिरी, गव्हाच्या फुगीर दाण्याएवढा कोष बनतो, आणि त्यातून काही दिवसांनी माशी निघते. गांधीलमाशीच्या कुळातले अनेक परोपजीवी कीटक सुईसारख्या नळीने अंडी थेट अळीच्या अंगात टोचतात. बहुतेक टॅकिनिड माशांकडे तशी सुई नाही, आणि म्हणूनच त्यांनी इतके वेगवेगळे मार्ग शोधले आहेत.

काही जाती उझीसारखे अंडे कातडीवर चिकटवतात. काही जाती धुळीच्या कणाएवढी हजारो अंडी पानांवर टाकतात. अळी पानाबरोबर ती गिळते आणि पिल्लू तिच्या आतड्यात बाहेर येते. खोडाच्या आत राहणाऱ्या अळीपर्यंत तर माशी पोहोचूच शकत नाही. उसातल्या खोडकिड्यावर जगणारी स्टर्मिऑप्सिस ही आपल्याच देशातली माशी अंडी पोटातच उबवते आणि किड्याने पाडलेल्या भोकाशी, तिथे साचलेल्या भुशासारख्या विष्ठेच्या वासावर येऊन, जिवंत पिल्ले सोडते. पुढचा बोगदा पिल्लू स्वतः पार करते. कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेने या माशीची प्रयोगशाळेत पैदास करण्याची पद्धत बसवली, ती याच गुणासाठी. फवाऱ्याचे औषध जिथे पोहोचायला कष्ट पडतात तिथे हे पिल्लू आपल्या पायाविना पोहोचते. भक्ष्य शोधण्यात वनस्पतीचाही हात असतो. जपानमध्ये झालेल्या प्रयोगांत लष्करी अळीने कुरतडलेल्या मक्याच्या रोपांकडे त्यांच्या वासावरून टॅकिनिड माशा वळताना दिसल्या; शाबूत रोपांचे त्यांना तेवढे आकर्षण नव्हते. म्हणजे जखमी रोपाचा वास हाच माशीचा माग असतो.

निसर्गात याचा परिणाम किती होतो, हे समजायला थोडा हिशेब करावा लागतो. घाटेअळीची एक मादी, म्हणजे तिचा पतंग, आयुष्यात हजारभर अंडी घालू शकते. पतंगांची संख्या वर्षानुवर्षे साधारण तेवढीच राहायची असेल, तर त्या हजारांतली सरासरी दोनच पिढी पुढे नेण्याइतकी जगली पाहिजेत. उरलेल्या सगळ्यांना कोणी ना कोणी मारतेच: पाऊस, पक्षी, कोळी, मुंग्या, विषाणू, परोपजीवी गांधीलमाशा आणि या माशा. हैदराबादजवळ पाटनचेरूला असलेल्या इक्रिसॅट या संस्थेने घाटेअळीच्या शत्रूंची पाहणी केली, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट दिसली. हरभऱ्यावर आणि ज्वारीवर लहान अळ्यांना मारण्याचे काम प्रामुख्याने परोपजीवी गांधीलमाशा करतात; तुरीवर मात्र मोठ्या अळ्यांवर वाढणाऱ्या टॅकिनिड माशांचा वाटा ठळक असतो. तुरीच्या कोवळ्या शेंगांवरचे चिकट केस इवल्या गांधीलमाशांना नडतात. एकच अळी, पण पीक बदलले की पहारेकरी बदलतो. मराठवाडा-विदर्भात तुरीचे क्षेत्र किती मोठे आहे हे ध्यानात घेतले, तर ही माहिती आपल्या शेतीशी किती जवळची आहे हे कळेल. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी भारतात आली आणि मक्यावर तुटून पडली, तेव्हाही इथल्या काही टॅकिनिड माशांनी त्या पाहुण्या अळीला आपलेसे केल्याच्या नोंदी झाल्या.

यावर शेतकऱ्याचा रास्त आक्षेप असा की माशी अळीला मारते खरी, पण अळीने खायचे ते खाऊन झाल्यावर. शेंग पोखरली गेली, मग अळी मेली काय अन् जगली काय. या हंगामातल्या त्या शेंगेपुरते हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण घाटेअळीच्या पिढ्या महिना-सव्वा महिन्याच्या अंतराने येतात. आज मेलेली मोठी अळी उद्याचा पतंग होत नाही, आणि मोठ्या अळीचा मृत्यू पुढच्या पिढीच्या दृष्टीने अधिक मोलाचा असतो. लहान अळ्यांतल्या बहुतेक तशाही मरणारच असतात. मोठी झालेली अळी इतर संकटांतून तरून आलेली असते. तिला रोखणारे शेवटी फार थोडे उरतात आणि माशी त्यांतली एक आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो शास्त्रज्ञांच्या मोजणीतूनच आलेला आहे. ऑक्सफर्डजवळच्या वायथमच्या जंगलात जॉर्ज व्हार्ली आणि जॉर्ज ग्रॅडवेल यांनी १९५० पासून जवळजवळ वीस वर्षे ओकच्या झाडांवरच्या ‘विंटर मॉथ’ या पतंगाच्या प्रत्येक पिढीचा हिशेब ठेवला. किती अंडी, किती अळ्या, कोण कशाने मेली, जमिनीत किती कोष उरले. या पतंगावर सायझेनिस नावाची टॅकिनिड माशी जगते. कुरतडलेल्या पानाच्या कडेला ती आपली बारीक अंडी घालते. व्हार्ली-ग्रॅडवेल यांच्या हिशेबात तिच्या नावावर अगदी थोडे मृत्यू पडले. पतंगाला आवर घालत होते ते जमिनीतले कोष खाणारे भुंगेरे आणि इतर भक्षक. मग परोपजीवी माशीचे महत्त्व आपण उगाच वाढवून सांगतो का? याचे उत्तर अटलांटिकच्या पलीकडे मिळाले. हाच पतंग युरोपातून कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात पोहोचला होता, माशी मात्र तिकडे नव्हती. कोष खाणारे भुंगेरे तिकडेही होते, तरी ओक आणि सफरचंदाची झाडे दरवर्षी ओरबाडली जात होती. १९५० च्या दशकात सायझेनिस तिकडे नेऊन सोडली आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला पतंगाचा उपद्रव ओसरला. पुढच्या अभ्यासांतून असे दिसले की माशीने पतंगाची संख्या एका पातळीपर्यंत खाली आणली आणि त्यानंतर तिला तिथे धरून ठेवण्याचे काम भुंगेऱ्यांनी केले. इंग्लंडमध्ये संख्या आधीच खाली असल्यामुळे माशीचा वाटा लहान दिसत होता. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत शिकवणारा पुरावा आहे. एखाद्या जिवाने किती मारले याची मोजदाद केली म्हणजे त्याचे काम कळले असे होत नाही. तो नसलेल्या जागी काय घडते, तेही पाहावे लागते.

कधी कधी तर मारण्याहूनही मोठा परिणाम होतो. ऑर्मिया ही उत्तर अमेरिकेतली टॅकिनिड माशी रातकिड्यांवर जगते आणि नर रातकिड्याच्या गाण्यावरून त्याला अंधारात गाठते. तिचे दोन कान एकमेकांपासून अर्धा मिलिमीटरच दूर आहेत. इतक्या जवळच्या दोन कानांवर आवाज पोहोचण्यातला फरक सेकंदाच्या दशलक्षांश भागात मोजावा लागतो, आणि तरी तिला आवाजाची दिशा अचूक कळते, कारण तिच्या कानांचे पडदे एका लवचीक सांध्याने जोडलेले असून तो सांधा हा फरक वाढवून दाखवतो. श्रवणयंत्रांसाठी सूक्ष्म मायक्रोफोन बनवणाऱ्या अमेरिकन संशोधकांनी ही रचना अभ्यासली आहे. ही माशी हवाई बेटांवर पोहोचली, तिथे तिला पॅसिफिकमधून आलेला वेगळा रातकिडा भेटला. कवाई बेटावर जीवशास्त्रज्ञ मार्लीन झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००३ च्या सुमारास दिसले की रातकिडे भरपूर आहेत, पण रात्र जवळजवळ मुकी आहे. ९० टक्क्यांहून अधिक नरांच्या पंखांवरची आवाज काढणारी घडण नाहीशी झाली होती, आणि हा बदल वीसपेक्षा कमी पिढ्यांत घडला होता. गाणारे नर माशीच्या तावडीत सापडत गेले, मुके उरले. गाणे नसेल तर मादी कशी मिळायची? उरल्यासुरल्या गाणाऱ्यांच्या आसपास मुके नर जाऊन बसतात आणि येणाऱ्या माद्यांना गाठतात. एका माशीने दुसऱ्या जिवाच्या शरीराची आणि वागण्याची घडण बदलली. उत्क्रांती डोळ्यांदेखत घडल्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते.

आता माशीच्या विरुद्ध बाजूचा सर्वांत वजनदार पुरावा. १९०६ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात युरोपातून कॉम्प्सिल्युरा ही टॅकिनिड माशी आणली गेली. उद्देश चांगला होता: युरोपातूनच आलेले दोन पतंग तिथली जंगले ओरबाडत होते. पण कॉम्प्सिल्युराच्या वर्षाला तीन-चार पिढ्या होतात आणि त्या पतंगांची एकच. पतंगाच्या अळ्या संपल्यावर उरलेल्या पिढ्यांना दुसरे काहीतरी खावेच लागते, आणि ही माशी दीडशेहून अधिक जातींच्या अळ्यांत वाढू शकते. आपल्या टसरच्या कुळातला सिक्रोपिया हा उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा पतंग तिच्या कचाट्यात सापडला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या जॉर्ज बोटनर, जोसेफ एल्किंटन आणि सिंथिया बोटनर यांनी या पतंगाच्या ५०० अळ्या जंगलात झाडांवर सोडल्या. त्यांतली एकही पूर्ण वाढून कोषापर्यंत पोहोचली नाही. मरणाऱ्या अळ्यांत मोठा वाटा कॉम्प्सिल्युराचा निघाला. त्यांचा लेख २००० मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा जैविक नियंत्रणाच्या समर्थकांना तो झोंबला असणार, पण रोगापेक्षा इलाज भयंकर ठरू शकतो हे त्याने दाखवून दिले. फिजीची गोष्ट याहून जुनी. तिथला नारळ लेव्हुआना या निळसर पतंगाच्या अळ्यांनी खंगत चालला होता. १९२५ मध्ये कीटकशास्त्रज्ञ टॉटहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मलायातून बेसा ही टॅकिनिड माशी आणली. मलायात ती याच कुळातल्या दुसऱ्या पतंगावर जगत होती. काही महिन्यांत नारळ सावरला. पतंग मात्र आज जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत नामशेष म्हणून नोंदला आहे.

हा पुरावा परोपजीवी माशांच्या विरुद्ध जातो असे वाटते, पण नीट पाहिले तर तो त्यांच्या स्थलांतराविरुद्ध जातो. कॉम्प्सिल्युरा युरोपात हजारो वर्षे आहे आणि तिथे तिच्या भक्ष्यांच्या जाती नांदत आहेत. एकमेकांना चुकवण्याच्या युक्त्या दोन्ही बाजूंनी त्या काळात घडत गेल्या. अमेरिकेतल्या सिक्रोपियाला ती सवड मिळाली नव्हती. विशेष म्हणजे ज्या एल्किंटन यांनी कॉम्प्सिल्युराचे नुकसान मोजले, त्यांनीच २००५ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये विंटर मॉथच्या बंदोबस्तासाठी सायझेनिस सोडली आणि ती यशस्वी ठरली. त्यांच्या भूमिकेत विसंगती नाही. सायझेनिसची वर्षाला एकच पिढी होते, विंटर मॉथचीही एकच. माशीचा कोष पतंगाच्याच कोषात, जमिनीखाली, पुढच्या वसंतापर्यंत पडून राहतो. तिला इतर अळ्यांच्या दारात जाण्याची गरज पडत नाही. परदेशी माशी आणायचीच असेल, तर तिच्या आहाराची कसून परीक्षा झाल्याशिवाय आणू नये, आणि शंका असेल तर अजिबात आणू नये, इतक्या स्पष्ट शब्दांत हे सांगितले पाहिजे.

याच दृष्टीने उझीकडेही पाहता येते. जंगलात अळ्या विखुरलेल्या असतात, पानांआड लपतात, अंग झटकतात. माशीला एकेक शोधावी लागते. संगोपनगृहात हजारो रेशीमअळ्या एकाच रॅकवर, उघड्या, हजारो वर्षांच्या पाळीवपणाने सुस्त झालेल्या असतात. त्यात त्या माशीला माणसानेच कोषांच्या वाहतुकीतून राज्याराज्यांत पोहोचवले. दोष माशीच्या भुकेपेक्षा या दोन गोष्टींकडे अधिक जातो. आणि उझीचा बंदोबस्तही अखेर तिच्याच शत्रूकडून करून घ्यावा लागला: नेसोलिंक्स ही इवली गांधीलमाशी उझीच्या कोषात अंडी घालते आणि ती संगोपनगृहांसाठी मुद्दाम वाढवली जाते.

काही वाचकांना या साऱ्या प्रकारातले क्रौर्यच असह्य वाटेल. डार्विनलाही ते वाटले होते. १८६० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटले की जिवंत सुरवंटांच्या अंगात वाढणारे कीटक दयाळू ईश्वराने मुद्दाम निर्मिले असे मानायला आपले मन तयार होत नाही. ही अस्वस्थता प्रामाणिक आहे. पण हजारातल्या नऊशे अठ्ठ्याण्णव अळ्या कशाने ना कशाने मरणारच असतात, आणि आवर नसेल तर झाडे उघडी पडून त्या उपासमारीने मरतात. या हिशेबातून सुटका नाही.

आपल्या शेतातली खरी अडचण वेगळीच आहे. टॅकिनिड माशी उन्हात पानापानावर फिरते, पानावरचा माव्याने सोडलेला गोड चिकटा चाटते, फुलांतला मध खाते. फवारलेले औषध तिला सर्वांगाने लागते. शेंगेत डोके खुपसलेली अळी त्या मानाने सुरक्षित असते. सुक्याबरोबर ओले जळतेच, इथे तर ओलेच आधी जळते. १९८७ मध्ये आंध्रात घाटेअळीने नव्या कीटकनाशकांना दाद दिली नाही आणि कापसाचे पीक हातचे गेले, तेव्हा अळी औषधाला सरावली होती आणि तिचे शत्रू मात्र फवारणीत मरत होते. फवारणी कधीच करू नये असे कोणी म्हणत नाही. आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडण्याआधी, केवळ धास्तीपोटी होणारी फवारणी तरी थांबवता येईल. बांधावर बडीशेप, धने, शेपू अशी उघड्या, सपाट फुलोऱ्याची झाडे फुलू दिली तर आखूड तोंडाच्या या माशांना मध सहज मिळतो. आणि पिकातल्या अळ्या वेचताना, एखादीच्या डोक्यामागे किंवा पाठीवर तांदळाच्या कणीहून बारीक पांढरी अंडी चिकटलेली दिसली, तर ती चिरडू नये. बरणीच्या तळाशी ओलसर माती घालून त्या अळीला पाल्यासह आत ठेवावे, तोंडाला आत-बाहेर जाता येणार नाही असे मलमलचे फडके बांधावे आणि पंधरा-वीस दिवसांनी मातीतून माशी निघाली की दुपारच्या उन्हाआधी, सकाळीच, तिला त्याच शेतात सोडून द्यावे.